लो-कोड वर्कफ्लोच्या दारात गर्दी होते तेव्हा

दिवाळीच्या फराळाची पार्सलं परदेशी पाठवणाऱ्या एका घरगुती उद्योगासाठी मी पहिल्यांदा एन८एनवर (फारसा कोड न लिहिता, तयार ठोकळे जोडून कामांची साखळी म्हणजे वर्कफ्लो बनवायचं साधन) ऑर्डर घेणारा एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने विनंती पाठवायचं दार, उभा केला. फॉर्म भरला की माहिती वेबहुकवर (बाहेरून माहिती स्वीकारणाऱ्या वेबपत्त्यावर) यायची, गूगल शीटमध्ये ओळ पडायची, ग्राहकाला मेल जायचा आणि स्वयंपाकघरातल्या ताईंच्या फोनवर निरोप पोचायचा. पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका संध्याकाळी साडेसातला, म्हणजे न्यू जर्सीतल्या सकाळी दहाला, बुकिंग उघडल्याचा निरोप तिकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला. दहा मिनिटांत फॉर्मचं चक्र नुसतं फिरत राहिलं. उत्तर येत नाही म्हणून लोकांनी बटण पुन्हा पुन्हा दाबलं, एकेकाच्या तीन-तीन ऑर्डरी पडल्या आणि शिल्लक होते त्यापेक्षा जास्त डबे विकले गेले. पुढचे दोन दिवस माफी मागण्यात गेले.

सर्व्हर लहान होता म्हणून हे झालं असं मला आधी वाटलं. खरी चूक मांडणीत होती. दारात पाहुण्याचं नाव लिहून घेणं आणि आत पंगत वाढणं ही दोन्ही कामं मी एकाच वर्कफ्लोवर टाकली होती. पहिल्या पाहुण्याचं पान वाढून होईपर्यंत बाकीचे बाहेर ताटकळत होते. ही दोन कामं वेगळी कशी करायची ते इथे सांगतो. उदाहरण एन८एनचं आहे, कारण ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं आणि मला आतून माहीत आहे. बहुतेक गोष्टी इतर प्लॅटफॉर्मनाही लागू पडतात.

पायरी १ : एका विनंतीची किंमत ओळखा

साध्या वेब सर्व्हरकडे विनंती येते, तो डेटाबेसला विचारतो, उत्तर देतो आणि विसरून जातो. वर्कफ्लो इंजिन विसरत नाही. प्रत्येक विनंतीसाठी ते एक एक्झिक्युशन, म्हणजे वर्कफ्लोचा एक फेरा, सुरू करतं. कोणत्या नोडमध्ये (साखळीतल्या ठोकळ्यात) काय आत गेलं, काय बाहेर आलं, कुठे अडलं याची नोंद ठेवतं आणि ती डेटाबेसात लिहितं. रात्री अकराला ‘माझी ऑर्डर कुठे गेली’ असा फोन आला तर स्क्रीनवर तो प्रवास उघडून पाहता येतो, हे या साधनांचं मोठं सुख आहे. पण सेकंदाला पन्नास विनंत्या येऊ लागल्या की हीच नोंदवही ओझं होते.

इतर ठिकाणी हा खर्च वेगळ्या रूपात दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ऑटोमेटमध्ये प्रत्येक ॲक्शन, म्हणजे फ्लोमधली (तिथल्या वर्कफ्लोमधली) एकेक पायरी, मोजली जाते. प्रीमियम लायसन्सवर एका वापरकर्त्याला २४ तासांत ४०,००० विनंत्यांची मर्यादा असते. तुमच्या फ्लोमध्ये आठ ॲक्शन असतील तर दिवसाला जेमतेम ५,००० वेळा तो चालेल. शिवाय बोलावणाऱ्याला तिथल्या तिथे उत्तर हवं असेल तर ते १२० सेकंदांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या ॲपियन या लो-कोड प्लॅटफॉर्मवर वेब एपीआयमधून थेट माहिती विचारता येते, त्यासाठी प्रोसेस (तिथला वर्कफ्लो) सुरू करण्याची गरज नसते. नवखे लोक तरीही प्रत्येक गोष्टीसाठी प्रोसेस सुरू करतात.

म्हणून आधी कागदावर तुमच्या एपीआयच्या विनंत्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा : ही नुसती विचारणा आहे की हिच्यामुळे काही काम सुरू होतं? ‘चकलीचे डबे किती उरले’ ही विचारणा आहे. ‘दोन डबे पाठवा’ हे काम आहे. विचारणा वर्कफ्लोपर्यंत पोचूच द्यायची नाही, एवढं ठरवलं तरी निम्मी लढाई जिंकली. माझ्या त्या संध्याकाळी आलेल्या विनंत्यांमध्ये विचारणाच कितीतरी जास्त होत्या, कारण पान उघडलं की शिल्लक विचारली जायची, आणि लोक पान सारखं ताजं करत होते.

पायरी २ : सरासरी नको, गर्दीच्या मिनिटाचा आकडा काढा

‘दिवसाला हजारभर ऑर्डरी’ या वाक्यातून काहीच कळत नाही. दिवसभर पसरल्या तर दीड मिनिटाला एक येईल. त्याच हजार पहिल्या दोन मिनिटांत आल्या तर सेकंदाला आठच्या वर. दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता काय होतं ते आपण सगळे दरवर्षी पाहतो. तुमचा ‘दुपारचा एक’ कोणता, हे धंद्यातल्या माणसाला विचारा.

मग एक सोपा गुणाकार करा. सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले एका विनंतीला लागणारा वेळ, म्हणजे एकाच वेळी आत असलेल्या विनंत्या. रांगांच्या शास्त्रातला हा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला, आणि आजही यापेक्षा उपयोगी सूत्र मला माहीत नाही. माझ्या जुन्या वर्कफ्लोला शीट, मेल आणि निरोप धरून सहा सेकंद लागायचे. आठ गुणिले सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस एक्झिक्युशन एकाच वेळी जिवंत. तेच काम पाव सेकंदावर आणलं तर दोन. यंत्र मोठं घेऊन हा फरक पडत नाही, दारातला वेळ कमी करून पडतो.

एन८एनच्या कागदपत्रांत एका इन्स्टन्सवर (एका चालू प्रतीवर) सेकंदाला २२० एक्झिक्युशनपर्यंतचा आकडा आहे. तो वाचून निर्धास्त होऊ नका. तुमचा वर्कफ्लो बाहेरच्या तीन सेवांची वाट पाहत असेल तर वेग त्या सेवा ठरवतात.

पायरी ३ : दारातला वर्कफ्लो छोटा ठेवा

वेबहुक नोडला दोन पत्ते असतात, एक चाचणीचा आणि एक प्रत्यक्ष वापराचा. चाचणीचा पत्ता तुम्ही एडिटरमध्ये ऐकायला सांगितल्यावरच जागा होतो. प्रत्यक्षाचा पत्ता वर्कफ्लो ॲक्टिव्ह केल्यावर चालतो. नव्या आवृत्तीत त्यालाच पब्लिश करणं म्हणतात. फॉर्ममध्ये चुकून चाचणीचा पत्ता राहिला तर ‘काल चालत होतं, आज नाही’ हा खेळ सुरू होतो. आधी ते बघून घ्या.

उत्तर कधी द्यायचं याचे मुख्य पर्याय तीन : विनंती येताच, शेवटचा नोड संपल्यावर, किंवा ‘रिस्पॉन्ड टू वेबहुक’ नावाचा नोड येईल तेव्हा. मी दुसरा निवडला होता आणि तिथेच फसलो. लगेच उत्तर देणारा पहिला पर्याय मोह पाडतो, पण साध्या मांडणीत त्यात एक धोका आहे. ‘मिळाली’ असं सांगून झालं आणि काम पुरं होण्याआधी एन८एनची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) कोसळली, तर ग्राहकाकडे पावती आहे आणि आपल्याकडे ऑर्डर नाही. म्हणून तिसरा पर्याय घ्या आणि दारातल्या वर्कफ्लोत चारच गोष्टी ठेवा : वेबहुक, माहिती बरोबर आहे का ते पाहणं, डेटाबेसात एकदाच लिहिणं, उत्तर. मेल, निरोप, पीडीएफ यातलं काहीही इथे नको.

उत्तरात २०२ हा वेबवरचा ठरीव उत्तर-कोड द्या. ‘स्वीकारलं आहे, काम पुढे होईल’ असाच त्याचा अर्थ आहे. वेबहुक उघडा ठेवू नका. किमान हेडरमधली (विनंतीसोबतच्या माहितीतली) गुप्त किल्ली तपासा, जेडब्ल्यूटी (सही केलेलं ओळखटोकन) जमत असेल तर उत्तम. पण ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फॉर्मच्या कोडमध्ये ती किल्ली टाकली तर कोणालाही दिसते. तेव्हा फॉर्म आधी तुमच्या स्वतःच्या सर्व्हरकडे जाऊ द्या आणि किल्ली तिथून लावा.

पायरी ४ : शीट सोडा, आणि तीच ऑर्डर दोनदा येणार हे गृहीत धरा

इथे थोडा जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

गूगल शीट हिशेबाला छान, पण डेटाबेस म्हणून नाही. शीटच्या एपीआयची नेहमीची मर्यादा एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० लेखन-विनंत्या आणि एका प्रोजेक्टला ३०० अशी आहे. तुमचा सगळा वर्कफ्लो एकाच खात्याने शीटमध्ये लिहितो, म्हणजे सेकंदाला एक ऑर्डर. मला सेकंदाला आठ हव्या होत्या. आणि मर्यादा नसती तरी शिल्लकीचा घोळ झालाच असता. एक एक्झिक्युशन शीटमधून ‘शिल्लक ३’ वाचतं, त्याच क्षणी दुसरंही ‘३’ वाचतं, दोघंही दोन-दोन डबे विकून ‘१’ लिहितात. चार डबे विकले गेले आणि शीट म्हणते एक उरला.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. एन८एन स्वतः सुरुवातीला एसक्यूलाइट हा एका फाइलीतला डेटाबेस वापरतं, तेही पोस्टग्रेसवर हलवा, पुढच्या पायऱ्यांना ते लागेलच. शिल्लक कधीही ‘वाचा, मग वजा करून लिहा’ अशी दोन टप्प्यांत हाताळू नका. एकाच अपडेट वाक्यात ‘शिल्लक मागणीएवढी किंवा जास्त असेल तरच तेवढी वजा कर’ अशी अट घाला. एकही ओळ बदलली नाही तर माल संपला. त्या ओळीवर एका वेळी एकच हात पडेल याची काळजी डेटाबेस घेतो.

आता दुबार ऑर्डरी. इंटरनेटवर एखादी विनंती नेमकी एकदाच पोचेल अशी हमी कोणी देत नाही. माणूस बटण दोनदा दाबतो, मोबाइलचं नेटवर्क तुटून ॲप पुन्हा पाठवतं. पेमेंट गेटवेला तर ठरलेल्या वेळात दोनशेच्या घरातल्या (यश सांगणाऱ्या) कोडचं उत्तर मिळालं नाही की तोच संदेश तो मुद्दाम पुन्हा पाठवतो. उपाय सोपा आहे. फॉर्म उघडतानाच ब्राउझरमध्ये एक यूयूआयडी (दुसऱ्या कोणाशी जुळणार नाही असा क्रमांक) तयार करा आणि तो ऑर्डरबरोबर पाठवा. बटण कितीदा दाबलं तरी क्रमांक तोच. ऑर्डरींच्या तक्त्यात त्या रकान्यावर युनिक बंधन (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारं) घाला.

या दोन्ही गोष्टी पोस्टग्रेसमधल्या एका छोट्या फंक्शनमध्ये बांधा आणि वर्कफ्लोतून फक्त ते बोलवा. फंक्शन आधी क्रमांक घालून पाहील. तो आधीच असेल तर जुनंच उत्तर परत देईल. नवा असेल तर शिल्लक वजा करील, आणि वजा झाली नाही तर त्या ऑर्डरीवर ‘संपलं’ अशी खूण करील. सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर सगळं होतं, नाहीतर काहीच नाही), त्यामुळे अर्धवट काही राहत नाही. हेच काम नोड जोडून करायचा मोह आवरा. लो-कोडमध्ये काम करतो म्हणून चार ओळी एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहायच्या नाहीत, असा कुठे नियम नाही.

पायरी ५ : मागचं काम गठ्ठ्याने करा

दुसरा वर्कफ्लो बनवा. शेड्यूल ट्रिगरने तो दर दहा सेकंदांनी जागा होईल, ‘नवी’ अवस्था असलेल्या पन्नास ऑर्डरी उचलेल आणि मेल-निरोप पाठवेल. पन्नास ऑर्डरींसाठी पन्नासऐवजी एकच एक्झिक्युशन चालतं, एवढा हा फायदा सरळ आहे.

आधीचा फेरा संपायच्या आत पुढचा सुरू झाला तर तीच ऑर्डर दोघं उचलतील. यासाठी पोस्टग्रेसमध्ये ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ आहे : दुसऱ्याने धरलेल्या ओळी सोडून पुढच्या दे. पण एन८एनमध्ये पोस्टग्रेसचा नोड संपला की त्याचं ट्रान्झॅक्शनही संपतं आणि कुलूप सुटतं. म्हणून नुसतं निवडून थांबू नका. त्याच वाक्यात अवस्था ‘घेतली’ करा आणि बदललेल्या ओळी रिटर्निंगने परत मागवा. काम झालं की ‘झाली’, चुकलं की ‘अडली’. बराच वेळ ‘घेतली’तच पडून राहिलेल्या ऑर्डरी पुन्हा ‘नवी’ करणारा एक फेरा ठेवा, आणि मेल गेला की नाही याचा वेगळा रकाना ठेवा, म्हणजे पुन्हा उचलल्यावर ग्राहकाला दुसरा मेल जाणार नाही.

बाहेरच्या सेवांच्या मर्यादा आता तुम्हाला दारात नडत नाहीत, पण त्या असतातच. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५००च्या आसपास मेल जातात. व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयवर एका नंबरवरून सुरुवातीला सेकंदाला ८० संदेशांपर्यंत वेग मिळतो. हजार ऑर्डरींची अपेक्षा असेल तर मेलसाठी वेगळी सेवा आधीच घ्या. या नोडांना ‘अपयश आल्यास पुन्हा प्रयत्न’ लावा आणि एरर ट्रिगरने सुरू होणारा एक वेगळा वर्कफ्लो जोडा, जो तुमच्या फोनवर कळवील. तो हाताने चालवलेल्या चाचणीत पेटत नाही, फक्त आपोआप चाललेल्या एक्झिक्युशनवर चालतो. हे माहीत नसल्याने माझी एक अख्खी दुपार गेली.

आणखी एक : एन८एनची मूळ वेळ न्यू यॉर्कची असते. सेटिंगमध्ये ती आशिया/कोलकाता करा, नाहीतर ‘सकाळी आठचा अहवाल’ संध्याकाळी येईल.

पायरी ६ : क्यू मोड

इथपर्यंत आलात तर बरेच छोटे उद्योग एका बऱ्यापैकी सर्व्हरवर निभावतात. त्यापुढची गर्दी असेल तेव्हाच क्यू मोडकडे (कामं रांगेत लावून अनेक प्रोसेसना वाटण्याच्या पद्धतीकडे) वळा, कारण त्यात सांभाळायच्या गोष्टी वाढतात.

एन८एन नोड जेएसवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, वर्कफ्लोतले नोड वेगळे) चालतं आणि एका प्रोसेसमध्ये जावास्क्रिप्टचा एकच मुख्य धागा असतो. एखाद्या जड कामाने तो धागा अडवला की बाकी सगळे थांबतात. क्यू मोडमध्ये मुख्य प्रोसेस विनंती घेते, एक्झिक्युशनचा क्रमांक रेडिसच्या (मेमरीत चालणाऱ्या वेगवान साठवणीच्या) रांगेत टाकते आणि वर्कर नावाच्या वेगळ्या प्रोसेस तो उचलून वर्कफ्लो चालवतात. प्रत्येक वर्कर एका वेळी दहा एक्झिक्युशन हाताळतो, हा आकडा बदलता येतो. पायरी २ मधला गुणाकार इथे कामी येतो : एकाच वेळी चाळीस जिवंत असणार असतील तर चार वर्कर, आणि अंगावर थोडं जास्त म्हणून पाच. प्रत्येक वर्करचा हा समांतर आकडा अगदी लहान ठेवून खूप वर्कर उभे करू नका. प्रत्येक वर्कर डेटाबेसशी जोडण्या उघडतो, आणि त्या संपल्या की सगळेच एकदम ठप्प होतात.

वेबहुक घेण्यासाठीही वेगळ्या प्रोसेस चालवता येतात. मग लोड बॅलन्सरमध्ये (विनंत्या वाटून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) प्रत्यक्ष वेबहुकचे पत्ते त्यांच्याकडे वळवा, आणि एडिटर व चाचणीचे पत्ते मुख्य प्रोसेसकडे. असं केलं की दारात कितीही गर्दी झाली तरी एडिटर उघडतो, आणि संकटाच्या वेळी एडिटर उघडणं फार मोलाचं असतं.

दोन ठिकाणी हमखास अडतं. सगळ्या प्रोसेसना एकच एन्क्रिप्शन की द्यावी लागते, नाहीतर वर्करला तुमचे पासवर्ड वाचता येत नाहीत. ती की सर्व्हरबाहेर सुरक्षित जागी लिहून ठेवा. आणि फाइली सर्व्हरच्या डिस्कवर साठवत असाल तर ते क्यू मोडला चालत नाही, त्यासाठी ॲमेझॉनच्या एस३सारखी ऑनलाइन साठवण घ्या.

पायरी ७ : पुढे एनजिनएक्स उभा करा

एनजिनएक्स हा एन८एनच्या पुढे उभा राहून विनंत्या घेणारा वेब सर्व्हर. पायरी १ मध्ये वेगळ्या काढलेल्या विचारणा आता इथे अडवा. शिल्लक सांगणारा पत्ता एनजिनएक्सच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) फक्त दोन सेकंदांसाठी ठेवा आणि कॅश लॉकही (एका वेळी एकच विनंती मागे जाऊ देणारं कुलूप) चालू करा. सेकंदाला पाचशे लोकांनी विचारलं तरी मागे दोन सेकंदांत एकच विनंती जाते. दोन सेकंद जुनी शिल्लक दिसल्याने काही बिघडत नाही, कारण खरी वजाबाकी डेटाबेस करतो.

वेगमर्यादाही इथेच घाला. एनजिनएक्स मर्यादा ओलांडणाऱ्याला मुळात ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो. तो ४२९ (फार विनंत्या) करून घ्या आणि ‘किती सेकंदांनी पुन्हा या’ हे सांगणारा रिट्राय-आफ्टर हेडर जोडा. आयपी पत्त्यावरून मर्यादा घालताना हात सैल ठेवा. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, त्यामुळे एकाला अडवताना शेकडो प्रामाणिक लोक अडतात. एपीआय किल्ली किंवा लॉगिन असेल तर त्यावर मोजणं जास्त न्याय्य.

पायरी ८ : नोंदी आवरा

यशस्वी एक्झिक्युशनची माहिती साठवणं दारातल्या वर्कफ्लोसाठी बंद करा, फक्त चुकलेल्यांची ठेवा. ऑर्डरीची नोंद तुमच्या तक्त्यात आहेच. जुनं आपोआप पुसलं जाण्याची मुदत मुळात ३३६ तास, म्हणजे चौदा दिवस असते. ती गरजेप्रमाणे कमी करा.

पायरी ९ : रंगीत तालीम

के६ किंवा जेमीटर हे कृत्रिम गर्दी पाठवणारं साधन घ्या आणि तुमच्या ‘दुपारच्या एक’च्या दुप्पट गर्दी दहा मिनिटं पाठवा. तालमीचा डेटाबेस वेगळा, मेलचे नोड बंद. सरासरी वेळ बघू नका. शंभरातल्या पंच्याण्णव विनंत्या किती वेळात संपल्या ते बघा, कारण वैतागून पुन्हा बटण दाबणारे उरलेल्या पाचांतले असतात. रेडिसची रांग वाढतेय आणि गर्दी थांबल्यावरही उतरत नाही, असं दिसलं तर वर्कर कमी आहेत. रांग रिकामी आहे तरी उत्तरं उशिरा येतात, तर डेटाबेसकडे बघा. मग तालीम चालू असतानाच एक वर्कर मुद्दाम बंद करा आणि शेवटी ऑर्डरी मोजा : पाठवल्या तेवढ्याच वेगळ्या क्रमांकांच्या ऑर्डरी तक्त्यात असायला हव्यात, एकही कमी किंवा जास्त नको.

हे सगळं करूनही दारातला वर्कफ्लोच कमी पडला, तर फक्त तेवढे चार नोड साध्या कोडमध्ये लिहा. ते फंक्शन डेटाबेसात आहेच, त्यामुळे पन्नास-साठ ओळींची सेवा पुरते. मागचे वर्कफ्लो एन८एनवरच राहू द्या. मेलचा मजकूर, कुरिअरचा बदल, नव्या पदार्थाची भर अशा रोज बदलणाऱ्या गोष्टी तिथे आहेत, आणि ताईंच्या घरातलं कोणीही थोडं शिकून त्या सांभाळू शकतं.

बुकिंगच्या दिवशी सकाळपासून कोणीही वर्कफ्लोला हात लावायचा नाही हे आधी ठरवा. फॉर्म बंद करून ‘थोड्या वेळाने पुन्हा उघडू’ दाखवणारा स्विच तयार ठेवा, आणि तो कोणी, किती रांग झाल्यावर दाबायचा ते त्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवा.